गाऱ्हाण्याचं ‘तक्रार’ करू नका

होमस्टेवाले, गाईड, महोत्सवाला परदेशी जाणारे कलाकार, सगळ्यांसाठी लिहितोय. परक्या देशातल्या माणसांना कोकण सांगताना आपली एक खोड असते. आपल्या गोष्टीला त्यांच्याकडचं नाव चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं. दशावतारी नाटक म्हणजे आमचा ऑपेरा, कोकण म्हणजे आमचं कॅलिफोर्निया. ही जोड बहुतेक वेळा अंगाशीच येते.

कॅलिफोर्निया म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांपुढे कोरडा उन्हाळा येतो. लॉस एंजेलिसला वर्षाला ४०० मिलिमीटरसुद्धा पाऊस नाही. आपल्याकडे जूनपासून चार महिन्यांत ३,००० च्या आसपास कोसळतो. मग उतरती कौलं कशासाठी, मासळी मे महिन्यातच सुकवून का ठेवायची, यातलं काहीच त्याला लागत नाही. ऑपेराचंही तेच. तिथे सूर नि शब्द आधी लिहिलेले असतात. दशावतारात आख्यान ठरलेलं, संवाद मात्र रंगमंचावर सुचतील तसे. दुभाषी संहिता मागतो आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो. त्याला आख्यानाचा सारांश, पात्रांची नावं आणि कोण कुणाचा कोण, एवढं एका पानावर द्या.

सगळ्यात जास्त घोळ गाऱ्हाण्याचा, म्हणजे गावाने मिळून देवासमोर घातलेल्या मागण्याचा. शब्दकोशात पाहिलं की ‘तक्रार’ मिळते. देवासमोर अख्खं गाव तक्रार का करतंय, असं ऐकणाऱ्याला वाटणारच. त्यात गाऱ्हाण्यातल्या ‘म्हाराजा’चं भाषांतर ‘राजा’ झालं की हत्ती-अंबारीवाला राजवाडा उभा राहतो, आणि आपण बोलतोय ते गावाच्या राखणदार देवाबद्दल.

म्हणून क्रम उलटा करा. आधी आवाज. वीस-तीस सेकंदांचं रेकॉर्डिंग लावा, काही न बोलता. मग एक वाक्य: एक जण गावाच्या वतीने मागणं मागतो, बाकीचे दर वाक्याला होकार भरतात. नाव त्यानंतर: गाऱ्हाणं. भाषांतर करू नका, तोच शब्द ठेवा. शेवटी सभागृहाकडून तोच होकार, ‘व्हय म्हाराजा’, म्हणवून घ्या. दोनदा तुम्ही म्हणा, तिसऱ्यांदा त्यांना म्हणू द्या. मागणं सोपं ठेवा, ‘पाऊस वेळेवर पडू दे’ इतकंच. सगळं मिळून तीन मिनिटं. वीस मिनिटांच्या भाषणात असे संदर्भ दोन, फार तर तीन. आपल्याकडे सात-आठ कोंबायची हौस असते आणि पहिल्यालाच श्रोता हरवतो.

मोजमापही त्यांच्या डोळ्यांना दिसेल असं हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या कातळावर कोरलेला हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. नुसता आकडा हवेत जातो. बॅडमिंटनचं कोर्ट १३.४ मीटरचं, हत्ती त्याहून लांब, असं सांगितलं की माना वर होतात. इथे तुलना चालते, कारण ती फक्त लांबीची आहे, अर्थाची नाही. लाख-कोटी तर घरीच बदलून न्या, एक कोटी म्हणजे दहा दशलक्ष. बोलता बोलता दुभाष्याचं इथेच शून्य सांडतं.

वेळेचा हिशेब बहुतेकांचा चुकतो. दुभाषी तुमच्यामागून वाक्य सांगणार असेल तर वीस मिनिटांतली तुमची दहाच. हेडफोनवर सोबत चालणारा अनुवाद असेल तर वेळ वाचतो, पण म्हण आणि शाब्दिक कोटी तिथे मरते. ‘कोकणी माणूस फणसासारखा’ हे फणस न पाहिलेल्याला सांगून काय उपयोग? टेबलावर फणस असेल तर गोष्ट वेगळी.

पोर्तुगीज श्रोते असतील तर मात्र जोड खुशाल लावा, कारण ती खरी आहे. पाव, बटाटा, अननस, चावी हे शब्द त्यांच्याकडून आलेत. काजूचं झाड त्यांनीच ब्राझीलहून आणलं, हापूसच्या नावातही त्यांचा गव्हर्नर अफोन्सो द अल्बुकर्क आहे. ‘पगार’ शेवटी ठेवा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ ‘पैसे देणं’, आणि आपण महिनाभर ज्याची वाट बघतो तो हाच. हसू येईल, फक्त अनुवाद कानात पोचायला दोन-तीन सेकंद थांबा.