खाल्ल्या मिठाला जागायचं की सेंट अँड्र्यूजला लवकर पोचायचं?

अमेरिकी गोल्फपटू जॉर्डन स्पीथचं २०१५ साल निघालं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "तो आठवडा इलिनॉयमध्ये घालवला नसता तर ओपन त्याचीच होती." (ओपन म्हणजे ब्रिटनची मोठी गोल्फ स्पर्धा.) हे वाक्य अर्धं चूक आहे आणि अर्धं बरोबर. गंमत म्हणजे बरोबर असलेला अर्धा भाग कोणी नीट सांगतच नाही.

स्पीथने त्या वर्षी एप्रिलमध्ये मास्टर्स जिंकली, जूनमध्ये चेंबर्स बेला यूएस ओपन जिंकली. एकाच वर्षात मास्टर्स, यूएस ओपन आणि ओपन असं तिन्ही फक्त बेन होगनने केलं होतं, १९५३ मध्ये. पुढची ओपन होती स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या मैदानावर. सगळ्यांना वाटलं, हा पोरगा दोन आठवडे आधीच स्कॉटलंडला जाऊन तळ ठोकेल. तो गेला इलिनॉयमधल्या सिल्व्हिसला, ओपनच्या आदल्याच आठवड्यातली जॉन डिअर क्लासिक खेळायला. का? पीजीए टूरचं, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक गोल्फ स्पर्धांच्या मालिकेचं, पूर्ण सदस्यत्व हातात नव्हतं तेव्हा याच स्पर्धेने त्याला प्रवेश दिला होता. २०१३ मध्ये तिथेच, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, शेवटच्या होलवर बंकरमधून (वाळूच्या खड्ड्यातून) थेट होलमध्ये चेंडू टाकून तो प्लेऑफमध्ये (बरोबरी फोडणाऱ्या जादा होलमध्ये) गेला आणि जिंकला. पूर्ण सदस्यत्व त्या विजयाने दिलं, त्या वर्षीच्या ओपनचं तिकीटही. येतो म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. याला आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात, आणि त्यात मला काहीही भाबडं दिसत नाही. ज्या स्पर्धांना बडे खेळाडू सहसा फिरकत नाहीत, त्या उभ्या राहतात अशाच शब्दांवर.

आता चूक अर्ध्याबद्दल. टीकाकारांचा मुख्य मुद्दा होता थकवा आणि जेट लॅग. इलिनॉय आणि स्कॉटलंड यांच्या घड्याळात सहा तासांचा फरक. पूर्वेकडे जाताना शरीर दिवसाला साधारण एक तास सावरतं, म्हणजे सोमवारी उतरलेला माणूस गुरुवारी अजून दोन-तीन तास मागेच असतो. कागदावर अगदी पटण्यासारखं. पण गुरुवारी सकाळी पहिल्या फेरीत स्पीथ ६७ फटक्यांत अठरा होल खेळला, आणि गोल्फमध्ये फटके जितके कमी तितकं चांगलं! झोपेत चालणारा माणूस ओल्ड कोर्सवर ६७ खेळत नाही.

आणि दुसरी गोष्ट, जी सोयीस्करपणे विसरली जाते. रविवारी जॉन डिअर संपल्यावर खेळाडूंना घेऊन ओपनला जाणारं चार्टर विमान तेव्हा असायचं. त्या रविवारी स्पीथ प्लेऑफमध्ये जिंकून त्यात बसला, आणि त्याच विमानात होता एका फटक्याने मागे राहून तिसऱ्या क्रमांकावर आलेला झॅक जॉन्सन. शेजारच्या आयोवाचा माणूस, त्या स्पर्धेच्या संचालक मंडळावर, त्यामुळे दरवर्षी हजर. आठ दिवसांनी ओपनचा करंडक त्याच्या हातात होता. तेच विमान, तोच आठवडा, तोच सहा तासांचा फरक. स्पीथ एका फटक्याने प्लेऑफ हुकला.

मग बरोबर अर्धा भाग कुठला? पट.

पट म्हणजे ग्रीनवर, होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवर, चेंडू होलकडे ढकलण्याचा फटका. दुसऱ्या फेरीत स्पीथला ३७ पट लागले. शेवटच्या फेरीत आठव्या होलवर, साध्या पार-तीनवर (तीन फटक्यांत संपवायच्या होलवर), चार पट आणि डबल बोगी, म्हणजे पारपेक्षा दोन फटके जास्त. तो काळ असा होता की पटिंगमध्ये त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हे कसं झालं ते समजून घ्यायचं तर ओल्ड कोर्सची ग्रीन डोळ्यांसमोर आणावी लागतात. पहिला, नववा, सतरावा आणि अठरावा हे चार होल सोडले तर बाकी चौदा होल मिळून सात जोडग्रीन आहेत. एकाच ग्रीनवर दोन झेंडे, आणि होलच्या क्रमांकांची बेरीज नेहमी अठरा: आठवा-दहावा एकत्र, सातवा-अकरावा एकत्र. चेंडू ग्रीनवर आहे म्हणून खूश व्हावं, तर समोर तीस मीटरचा पट उभा. अमेरिकी टूरवर एवढा लांब पट महिन्यात एखादा येतो. इथे एका फेरीत चार-पाच येऊ शकतात.

त्यात वेग वेगळा. अमेरिकी टूरवर ग्रीनचा स्टिंपमीटर साधारण बाराच्या आसपास असतो, म्हणजे ठरलेल्या उतारावरून सोडलेला चेंडू बारा फूट जातो. लिंक्सवर, म्हणजे समुद्राकाठच्या उघड्या मैदानांवर, दहाच्या आसपासच ठेवतात, कारण त्याहून वेगवान केलं तर वाऱ्याने चेंडू आपोआप चालू लागतात. तसं ठेवूनही त्या शनिवारी चेंडू हलू लागले, तासन्‌तास खेळ थांबला आणि स्पर्धा सोमवारी संपली. आदल्या आठवड्यात वेगवान ग्रीनवर बसलेला हात इथे आखूड पडतो. मग खेळाडू पुढच्या पटला जोर वाढवतो, मनगट मोडतो, आणि चेंडू चार मीटर पुढे जातो. तिथून तीन पट, चार पट.

म्हणून सोमवारी उतरणाऱ्याने काय करावं याबद्दल माझं मत पक्कं आहे. सोमवारी ड्रायव्हिंग रेंजवर (लांब फटक्यांच्या सरावाच्या जागी) जाऊच नये. थकलेलं शरीर आणि आडवा वारा असला की खेळाडू नकळत वाऱ्याशी भांडायला लागतो आणि स्विंग बिघडवून परततो. सोमवारी फक्त पटर, एक वेज (जवळून उंच फटका मारायचा क्लब) आणि कॅडी (पिशवी वाहणारा मदतनीस) घेऊन कोर्स चालावा. दहा, वीस, तीस, चाळीस पावलांवरून तीन-तीन चेंडू, होलकडे नाही तर नुसत्या अंतराकडे बघून. झेंडे कुठे असतील याचा अंदाज घेऊन कॅडीने वहीत एकच गोष्ट टिपावी: कुठल्या बाजूला चुकलं तर पट दहा पावलांचा राहतो आणि कुठल्या बाजूला चाळीसचा. मंगळवारी पूर्ण अठरा होल, बुधवारी फार तर नऊ.

पिशवीतल्या क्लबांची, म्हणजे फटके मारायच्या काठ्यांची, अदलाबदल विमानात बसण्याआधीच ठरलेली हवी. चौदाच क्लब चालतात, तेव्हा उंच उडवणारा फाइव्ह-वूड काढून खालून जाणारा टू-आयर्न, ही नेहमीची देवघेव. वेजचं मात्र अनेकजण विसरतात. मऊ मैदानावर जास्त बाउन्सचा (फुगीर) तळ मदत करतो, लिंक्सच्या कडक जमिनीवर तोच तळ आपटून वर उसळतो, पातं चेंडूच्या पोटाला लागतं आणि चेंडू ग्रीनपार. कमी बाउन्सचा एक तरी वेज हवाच.

आदल्या आठवड्याच्या स्पर्धेत खरा वेळखाऊ प्रकार असतो बुधवारचा प्रो-अॅम. पुरस्कर्त्यांच्या पाहुण्यांबरोबर पाच-पाच तास. पण स्पर्धेत खेळण्याचा फायदाही खरा आहे. शेवटच्या नऊ होलमध्ये, गुणफलक बघत, पोटात गोळा आलेला असताना मारलेला फटका सरावात मिळत नाही. इंग्लंड दौऱ्याआधी नेटमध्ये हजार चेंडू खेळलेला फलंदाज आणि काउंटीत दोन डाव खेळलेला फलंदाज, फरक तोच.

उलट उदाहरण रोरी मॅकिलरॉयचं. २०१९ मध्ये ओपन त्याच्या घरी, उत्तर आयर्लंडच्या रॉयल पोर्टरशला. सोळाव्या वर्षी त्याने तिथे ६१चा विक्रम केला होता. चार वर्षं आयरिश ओपनचं यजमानपद भूषवलेल्या रोरीने त्या वर्षी तयारीसाठी घरचीच स्पर्धा सोडली, स्कॉटिश ओपन खेळला. टीका झाली. पोर्टरशच्या पहिल्याच होलवर चेंडू हद्दीबाहेर, आठ फटके, पहिली फेरी ७९. दुसऱ्या दिवशी ६५ खेळूनही कट (शेवटच्या दोन फेऱ्यांत जाण्याची मर्यादा) एका फटक्याने हुकला. जिंकला शेन लाउरी, जो लाहिंचला आयरिश ओपन खेळून आला होता. यावरून 'घर सोडलं म्हणून हरला' म्हणणं बाष्कळपणा आहे. पहिल्या टीवरचं (पहिला फटका मारायच्या जागेवरचं) ते दडपण लाहिंचलाही गेलं नसतं. (याच रोरीला २०१५ची ओपन मुकावी लागली ती मित्रांबरोबर फुटबॉल खेळताना घोटा दुखावून. तयारीचे धोके स्पर्धेतच असतात असं कोणी सांगितलं?)

आयर्लंडच्या पॅड्रिग हॅरिंग्टनने मात्र दोन्ही एकाच दगडात साधलं. २००७ आणि २००८ मध्ये ओपनच्या आदल्या आठवड्यात तो आयरिश पीजीए चॅम्पियनशिप खेळला. बक्षिसाची रक्कम किरकोळ, आजूबाजूला क्लबमध्ये शिकवणारे प्रोफेशनल, पण मैदान विकलोच्या किनाऱ्यावरचं अस्सल लिंक्स, द युरोपियन क्लब. दोन्ही वर्षी ती जिंकला, दोन्ही वर्षी पुढच्या आठवड्यात ओपनही. २००८ला तर सरावाच्या पिशवीवर फटके मारताना मनगट दुखावलं होतं, त्या वर्षीची ओपन जिथे होती त्या बर्कडेलला सुरुवात करेल की नाही हीच शंका होती.

आता वेळापत्रकच बदललंय. २०२२पासून जॉन डिअर क्लासिक ही ओपनच्या दोन आठवडे आधी येते, मधला आठवडा स्कॉटिश ओपनचा. सिल्व्हिसचा शब्दही पाळता येतो आणि सहा तासांचा फरक पचवायला, हळू ग्रीनवर हात बसवायला आठवडाभर मिळतो. २०१५ला स्पीथकडे असे तीनच दिवस होते. तरी शेवटच्या दिवशी सोळाव्यावर बर्डीचा (पारपेक्षा एक फटका कमी) लांबलचक पट घालून तो बरोबरीने आघाडीला आला, सतराव्यावर आठेक फुटांचा पारचा पट चुकला, आणि अठराव्यावर वेजचा फटका फिरकी घेऊन मागे, 'व्हॅली ऑफ सिन'च्या खोलगटात घसरला. तिथून मारलेला पट होलच्या अगदी डावीकडून गेला.