हात लाव गं

आमच्या गावच्या हापशावर भर दुपारी पाण्याला गेलेली बाई एकटी असली की तिची पंचाईत व्हायची. हंडा भरायचा, पण डोक्यावर चढवायचा कसा? डोक्यावर चुंबळ ठेवून आई रस्त्याकडे बघत थांबायची. कुणी दिसलं की हाक मारायची, "हात लाव गं जरा." मी तेव्हा सात-आठ वर्षांची. मला कळशी उचलायची नाही, तिथे हंडा कुठला.

हे सगळं आठवलं मुंबईत, राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात. डिसेंबर २०१८ मध्ये तिथे कलाकार नवज्योत अल्ताफ यांच्या आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन लागलं होतं. छत्तीसगडच्या बस्तरमधल्या 'नलपार'च्या फोटोंपाशी माझे पाय थांबले. नलपार म्हणजे हापशाभोवतीची जागा. कोंडागावच्या परिसरात नवज्योत यांनी तिथल्या आदिवासी कलाकारांना सोबत घेऊन, गावकऱ्यांशी बोलून या जागा नव्याने घडवल्या. ओटा, भिंती, त्यांवर गावाच्या ओळखीच्या आकृत्या. पाणी साचून चिखल होऊ नये म्हणून त्याला काढून दिलेली वाट. आणि भरलेलं भांडं डोक्यावर घेण्याआधी टेकवायला उंचावर जागा! म्हणजे हात लावायला कुणी येईल म्हणून ताटकळत राहायला नको. मला तिथे रडू आलं.

सोबतची मैत्रीण म्हणाली, "पण हे तर ग्रामपंचायतीचं काम. यात कला कुठे आली?"

मला वाटतं, इथेच आली. डोक्यावर हंडा घेतलेली बाई आपल्याकडे किती वेळा रंगवली गेली असेल! कॅलेंडरवर, दिवाणखान्यातल्या फ्रेममध्ये, सरकारी भिंतींवर. ताठ मान, बारीक कंबर, चेहऱ्यावर हसू. त्या मानेला संध्याकाळी काय कळा येतात हे रंगवणाऱ्यांपैकी किती जणांनी विचारलं? नलपारमध्ये त्या बाईचा हात, तिची पाठ, तिचं ओझं यांवरून रचना ठरली. दुसऱ्याचं जगणं कलेत आणायचं तर त्याला ठरवण्यातही वाटा द्यावा लागतो, असं माझं ठाम मत आहे.

नवज्योत तिथवर एका दिवसात पोचलेल्या नाहीत. जन्म १९४९चा, मेरठचा. शिक्षण मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. सत्तरच्या दशकात पती, चित्रकार अल्ताफ यांच्यासोबत त्या 'प्रोयोम' या डाव्या तरुणांच्या चळवळीत होत्या. १९९२-९३ च्या दंगलींनी मुंबई फाटली, त्यातून त्यांचं व्हिडिओ आणि मांडणशिल्पाचं, म्हणजे जागेतच वस्तू मांडून उभं केलेलं, काम पुढे आलं. गुजरातमधल्या २००२ च्या दंगलींनंतरच्या 'लॅक्यूना इन टेस्टिमनी' या त्यांच्या मांडणशिल्पात पडद्यांवर समुद्र आहे आणि जमिनीवर आरसे. आपल्या सांगलीतल्या वेश्या अन्याय मुक्ती परिषदेच्या बायकांबरोबरही त्यांनी व्हिडिओचं काम केलंय. बायकांच्या तोंडून बायकांचं.

बस्तरमध्ये त्या १९९७ पासून काम करत आल्यात. शांतीबाई, राजकुमार कोर्राम, गेस्सूराम विश्वकर्मा हे त्यांचे सहकलाकार. ही नावं मी मुद्दाम लिहितेय. कारण आपल्या बोलण्यात मुंबईची ती 'कलाकार' आणि बस्तरचे ते 'स्थानिक कारागीर' होतात. शांतीबाई लाकडातून आकृती कोरून काढतात. त्यांना कलाकार म्हणताना आपली जीभ का अडखळते? इंग्रजी बोलणाऱ्या, मोठ्या शहरातल्या बाईला आणि त्यांना कलाजगतात सारखं वजन नाही, हे खरंच आहे. नुसत्या सोबत काम करण्याने ती दरी बुजत नाही, आणि हा प्रश्न नवज्योत यांच्या कामालाही विचारलाच पाहिजे. पण एक हंगाम फोटो काढून परत येणं वेगळं आणि वर्षानुवर्षं त्याच माणसांकडे जात राहणं वेगळं. मला या दुसऱ्या गोष्टीबद्दल फार आदर आहे.

घरी गेल्यावर आईला मोबाईलमधला नलपारचा फोटो दाखवला. तिने दोन बोटांनी तो मोठा केला. भांडं टेकवायच्या जागेवर थांबली.

"हे कुणी सुचवलं गं त्यांना?"

म्हटलं, "गावातल्यांना विचारूनच बांधलंय."

"तरीच," आई म्हणाली.