पैसा कुठल्या खर्चावर बसलाय, ते आधी पाहू: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

मेथोडिस्ट (एक प्रोटेस्टंट ख्रिस्ती पंथ) मंडळ्या, म्हणजे चर्च, देशांच्या सीमा ओलांडून मिशनकार्य कसं करतात, या लेखावर तुम्ही खरमरीत प्रतिक्रिया लिहिलीत. तिचा गाभा असा: ‘भागीदारी’ हा जुन्या मिशनरी मालकीला दिलेला नवा रंग आहे, ज्याच्या हाती पैसा त्याच्याच हाती निर्णय, आणि पश्चिम आफ्रिकेतल्या आयव्हरी कोस्टची मंडळी अमेरिकेतून निघालेल्या युनायटेड मेथोडिस्ट चर्चमधून बाहेर पडली, हे लेखात सोयीस्करपणे गाळलं आहे. यातला शेवटचा मुद्दा बिनशर्त मान्य. पैशाचा अर्धा मान्य. मालकीच्या मुद्द्यावर मात्र भांडायचं आहे.

आधी आणखी एक चूक कबूल करतो, जी तुमच्याही नजरेतून सुटली. ‘जागतिक मेथोडिस्ट परिषदेनं ठरवलं’ असं लेखात दोन ठिकाणी आलंय. ही परिषद असं काही ठरवू शकत नाही. १८८१ मध्ये लंडनला पहिली जागतिक बैठक झाली, १९५१ मध्ये आजचं नाव मिळालं, पण सभासद चर्चवर तिचा कायदा चालत नाही. ती पाळकाची बदली करत नाही आणि जमिनीच्या कागदावर तिची सही लागत नाही. तिचा ठराव म्हणजे शिफारस. खरा अधिकार ज्या त्या चर्चच्या कॉन्फरन्सकडे, म्हणजे निर्णय घेणाऱ्या प्रतिनिधीसभेकडे असतो, आणि मालकीचा वाद घालायचा तर तिथे घालायला हवा.

आता मालकी. सीमेपलीकडची नाती एकाच प्रकारची नसतात, आणि तुमच्या प्रतिक्रियेत ती सगळी एका पोत्यात भरली गेली आहेत. मेथोडिस्ट चर्च ऑफ सदर्न आफ्रिका हे एकच चर्च सहा देशांत आहे: दक्षिण आफ्रिका, नामिबिया, बोत्स्वाना, लेसोथो, एस्वातिनी आणि मोझांबिक. कॉन्फरन्स एक, नियमावली एक. तिथे ‘परदेशी भागीदार’ हा शब्दच गैरलागू. मेथोडिस्ट चर्च इन इंडिया १९८१ पासून स्वायत्त आहे. युनायटेड मेथोडिस्ट चर्चशी तिचं नातं संलग्नतेचं. अशा संलग्न स्वायत्त चर्चच्या प्रतिनिधींना तिथल्या जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे सर्वोच्च सभेत, बोलता येतं, मत देता येत नाही. ब्रिटन, मेक्सिको, पोर्तो रिको आणि कॅरिबियन या चार चर्चशी मात्र खास करार आहे, त्यांना मतही आहे. २०२४ च्या अमेरिकेतल्या शार्लट इथल्या जनरल कॉन्फरन्ससाठी ८६२ जागा होत्या. त्यांतल्या ४८२ अमेरिकेच्या, २७८ आफ्रिकेच्या, ५२ फिलिपीन्सच्या, ४० युरोपच्या आणि १० या करारातल्या चार चर्चच्या. मालकी कुणाची हे विचारायचं असेल तर हा हिशेब पाहावा. अमेरिकेचं बहुमत आहे, पण ५६ टक्क्यांचंच.

याच बैठकीत ५८६ विरुद्ध १६४ मतांनी अशी घटनादुरुस्ती झाली, की प्रत्येक प्रदेशाला आपल्याकडच्या गरजेप्रमाणे नियमावली बदलता यावी आणि अमेरिका हासुद्धा एक प्रदेशच मानला जावा. वार्षिक कॉन्फरन्सांनी (चर्चच्या प्रादेशिक सभांनी) २०२५ मध्ये ती मंजूर केली. तोवर आफ्रिका आणि फिलिपीन्सचे प्रतिनिधी अमेरिकेच्या घरगुती प्रश्नांवरही मतदान करत बसायचे, आणि उलटही. तुमची मालकीची तक्रार या दुरुस्तीआधी लिहिली असतीत तर जास्त लागू पडली असती.

आयव्हरी कोस्ट. १९८५ पर्यंत ती मंडळी ब्रिटिश कॉन्फरन्सचा परदेशी डिस्ट्रिक्ट होती, मग स्वायत्त झाली, २००४ मध्ये युनायटेड मेथोडिस्टांत आली आणि मे २०२४ मध्ये आबिजानच्या विशेष सभेत बाहेर पडली. कारण उघड होतं: शार्लटला समलिंगी विवाह आणि समलिंगी व्यक्तींची पाळकपदाची दीक्षा यांवरची बंदी उठली. यावरून तुम्ही ‘भागीदारी फसली’ असा निष्कर्ष काढता. फसलं ते घटनात्मक ऐक्य. कामाचं नातं वेगळ्या कागदावर, वेगळ्या मुदतीनं बांधलेलं असेल, तर घटनेचं नातं तुटलं तरी दवाखाना चालू राहतो. दोन्ही एकाच गाठीत बांधलं की एक सुटताना दुसरं फाटतं. उलटं उदाहरण आपल्या जवळचं: २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला अनेक चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, त्यात ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन परंपरेचे मेथोडिस्ट गेले, अमेरिकन परंपरेचे (आजचं मेथोडिस्ट चर्च इन इंडिया) ऐनवेळी बाहेर राहिले. घटना वेगळ्या झाल्या, तरी जागतिक परिषदेत आज दोन्ही चर्च सभासद आहेत.

आता पैसा, कारण तुमचा रोख तिकडेच आहे. पैसा निर्णय विकत घेतो हे खरं, पण तो कुठल्या खर्चावर बसला आहे यावर सगळं अवलंबून. पाळकाचा पगार बाहेरून येत असेल तर निर्णयही बाहेर गेला म्हणून समजा, मग करारात काहीही लिहा. वसतिगृहाचं छप्पर किंवा नर्सिंगची शिष्यवृत्ती बाहेरून आली आणि उद्या थांबली, तर काम अडेल. पण रविवारची उपासना अडणार नाही आणि व्यासपीठावरून काय बोलावं हे कुणी सुचवणार नाही.

हे जुनंच शहाणपण. विल्यम टेलर १८७१ मध्ये मुंबईत आले तेव्हा त्यांचा आग्रह होता की पाळकाचा खर्च मंडळीनं उचलावा, मिशन सोसायटीचा पैसा नको. पण त्यांच्या मंडळ्यांत बहुतेक इंग्रजी बोलणारे, पगारदार लोक होते. त्यांना ते जमलं. तोच नियम हातावर पोट असलेल्या मंडळीला जसाच्या तसा लावला तर पाळक उपाशी राहतो. इटलीतल्या वाल्डेन्सियन आणि मेथोडिस्ट मंडळ्यांनी (१९७५ च्या करारानं त्यांचा सिनोड, म्हणजे सर्वोच्च सभा, एक झाला) वेगळी रेघ आखली. तिथे करदाता आपल्या आयकरातला हजारी आठ हिस्सा एखाद्या धर्मसंस्थेकडे वळवू शकतो. या मंडळ्या तो घेतात, पण पाळकांच्या पगारावर किंवा उपासनेवर त्यातलं काही खर्च करत नाहीत. सगळं सामाजिक आणि सांस्कृतिक कामाला, देशात आणि देशाबाहेर. सरकारी पैशाला लावलेली ही रेघ परदेशी पैशालाही तशीच लावता येते.

पगाराला मदत द्यावीच लागली तर उतरत्या भाजणीनं द्यावी: पहिल्या वर्षी ७५ टक्के, मग ५०, मग २५, चौथ्या वर्षी शून्य. बिघडतं ते तिसऱ्या वर्षाअखेर. मुदतवाढीचं पत्र जातं, ‘एकदाच’ म्हणून मंजूर होतं, आणि तिथून भाजणी मेली. म्हणून मुदतवाढ कोण देणार, हे पहिल्याच दिवशी लिहायचं. माझ्या मते ते घेणाऱ्या चर्चच्या वित्त समितीनं ठरवावं, देणाऱ्यानं नाही. विचित्र वाटेल, पण मुदतवाढ नाकारण्याची ताकद जिच्यात आहे तीच समिती स्वावलंबी.

चलनाचं कलम लोक विसरतात. अंदाजपत्रक जिथे खर्च होणार त्या चलनात हवं, देणाऱ्याच्या नाही; नाहीतर दर घसरल्याचा सगळा तोटा दुबळ्या बाजूवर पडतो. वर सांगितलेल्या सहा देशांत नामिबिया, लेसोथो आणि एस्वातिनी यांची चलनं दक्षिण आफ्रिकेच्या रँडशी एकास एक बांधलेली, त्यामुळे चार देशांचे आकडे सरळ मिळवता येतात. बोत्स्वानाचा पुला आणि मोझांबिकचं मेटिकाल मिळवता येत नाहीत. एकाच चर्चच्या ताळेबंदात ही भानगड होते, तर दोन चर्चमध्ये किती होईल! पाच ते दहा टक्के राखीव ठेवायचे आणि दर वाढून फायदा झाला तर तो कुणाचा, हेही लिहायचं.

हिशेबनिसाबद्दल थोडं. युनायटेड मेथोडिस्टांची एक देणगी योजना सांगते की दिलेली रक्कम १०० टक्के प्रकल्पाला जाते, कचेरीचा खर्च दुसरीकडून भागतो. देणारा खूश. पण घेणाऱ्याकडचे व्हाउचर, लेखापरीक्षण, बँकेचा आकार यांचा खर्च आकाशातून येत नाही. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात ‘हिशेब’ ही ओळ नसेल तर ते काम पाळकाच्या गळ्यात पडतं, अहवाल रखडतो, दुसरा हप्ता थांबतो, आणि ‘तिकडचे लोक बेजबाबदार’ असा शेरा बसतो.

वस्तूंच्या देणगीत याहून वाईट घडतं. अमेरिकेतल्या दवाखान्यातलं यंत्र १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झवर (वीजप्रवाहाची सेकंदाला ६० आवर्तनं) चालतं. जिथे २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ आहे, तिथे ट्रान्सफॉर्मर लावला की झालं, असं समजतात. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. साधी इंडक्शन मोटर ५० हर्ट्झवर साधारण पाचषष्ठांश वेगानं फिरते, आणि व्होल्ट तेच राहिले तर तिच्या गाभ्यातलं चुंबकत्व पाचव्या हिश्श्यानं वाढून ती तापते. रक्त वेगळं करणारं सेंट्रीफ्यूज काही आठवडे ‘चालतं’, निकाल गडबडतात, मग वेटोळं जळतं. यंत्र कोपऱ्यात, पण भिंतीवर देणगीदाराची पाटी. यंत्र स्वीकारण्याआधी यंत्राच्याच पाटीवरचा हर्ट्झचा आकडा मागवा, ‘५०/६०’ लिहिलं असेल तरच हो म्हणा.

परदेशी स्वयंसेवकांच्या तुकड्यांवरचा खर्च कामाच्या मानानं फार, हे तुमचं म्हणणं बरोबर. बारा जण दोन आठवड्यांत भिंत बांधतात, विमानभाडं गवंड्यांच्या मजुरीच्या कितीतरी पट. शिकायला या, पण भिंत अंदाजपत्रकात धरू नका.

पाहुण्या पाळकाच्या बाबतीत घोळ एकाच जागी होतो: पगार एक चर्च देतं, नेमणूक दुसरं करतं, आणि त्याला परत बोलावण्याचा अधिकार कुणाकडेच नसतो. शिस्त यजमान चर्चची, निवृत्तिवेतन आणि ज्येष्ठता पाठवणाऱ्याची, भाषा शिकण्याचा काळ सेवेत धरलेला: एवढं नेमणुकीच्या पत्रात हवं. भागीदार अनेक असले तर आणखी एक. कंबोडियात अमेरिकन, स्विस-फ्रेंच, कोरियन, सिंगापूरच्या आणि चिनी मेथोडिस्ट मंडळ्यांनी वेगवेगळी कामं एका मिशनखाली आणली. अशा ठिकाणी सगळ्यात आधी पगारश्रेणी एक करावी लागते. नाहीतर शेजारशेजारचे दोन पाळक दोन पगारांवर काम करतात आणि मंडळी कुठला भागीदार श्रीमंत ते मोजत बसते.

राहता राहिला तुमचा शेवटचा प्रश्न: खरी भागीदारी ओळखायची कशी? घेणाऱ्या चर्चनं गेल्या पाच वर्षांत बाहेरची एखादी रक्कम नाकारली आहे का, ते विचारा. नाकारली असेल तर त्या बैठकीचं इतिवृत्त मागा. त्यात कारण लिहिलेलं असतं.