‘बॅकअप हाय की, मग भ्यायचं कशाला?’

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘रोजचा स्नॅपशॉट असेल तर क्लाउड कंपनी बिनधास्त बदला. दोन तासांत डेटाबेस नव्या जागी उभा. बॅकअपला एरर नाही म्हणजे सगळं सुरक्षित.’

आधी स्नॅपशॉट, म्हणजे डेटाबेसची त्या क्षणाची प्रत. ॲमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेचा स्नॅपशॉट फाइल म्हणून उतरवून घेता येत नाही, तो त्यांच्याच आवारात उघडतो. एस-थ्रीवर (ॲमेझॉनचंच फाइलींचं कोठार) एक्सपोर्ट होतो, पण पार्केट या विश्लेषणासाठीच्या फाइल-स्वरूपात. ते दुसरीकडे सरळ रिस्टोअर होत नाही. बाहेर पडायचं तर तिथंच डेटाबेस चालू करून डम्प (दुसरीकडे पुन्हा भरता येईल अशी डेटाची फाइल) काढायचा, म्हणजे जुनं खातं जिवंत हवं. लोक खातं बंद करून मग फोन करतात!

दोन तास? दुकानाचा डेटा दोन-तीनशे एमबी असेल तर अर्ध्या तासातही होईल, मान्य. १०० जीबीला १०० एमबीपीएसच्या लाइनवर नुसत्या वाहतुकीलाच सव्वादोन तास लागतात.

एरर दिसली नाही म्हणजे बॅकअप झाला, हे तर गिटलॅब या प्रोग्रामरांचा कोड सांभाळणाऱ्या कंपनीला विचारा. ३१ जानेवारी २०१७ ला त्यांच्याकडून चालू डेटाबेस पुसला गेला, तेव्हा कळलं की डम्प होतच नव्हते: पोस्टग्रेस या डेटाबेसच्या ९.६ आवृत्तीवर ९.२ चा पीजी-डम्प (त्याचं डम्प काढायचं साधन) चालत होता, आणि आवृत्त्या जुळत नसल्यानं तो बंद पडायचा. अपयशाचे ईमेलही पोचत नव्हते. सुमारे सहा तासांचा डेटा गेला.

आणि ‘उभा’ म्हणजे काय? मायएसक्यूएल या डेटाबेसच्या डम्पमध्ये स्टोअर्ड प्रोसिजर (डेटाबेसमध्येच साठवलेले छोटे प्रोग्राम) सांगितल्याशिवाय येत नाहीत. पीजी-डम्पमध्ये युजर नसतात. पण खरी गंमत कोलेशनची, म्हणजे कोणती अक्षरं सारखी मानायची याच्या नियमांची. निपाणीकडच्या एका व्यापाऱ्याची खाती मी मायएसक्यूएल ८ वरून जुन्या मारियाडीबीवर (मायएसक्यूएलमधूनच निघालेला डेटाबेस) नेत होतो. ‘अननोन कोलेशन’ म्हणून अडलं. नेटवर सांगतात तसं डम्पमध्ये जुन्या युनिकोड कोलेशनचं नाव घातलं, तर ‘डुप्लिकेट एंट्री’. खात्याचं नाव युनिक होतं, म्हणजे एकच नाव दोनदा चालत नव्हतं, आणि एकाच पाटलांची दोन खाती निघाली. एका नावाच्या शेवटी स्पेस. आठचं मूळ कोलेशन ती स्पेस मोजतं, जुनं मोजत नाही. ‘फोर्स’ (चूक आली तरी थांबू नको) लावून रेटलं असतं तर त्या एका ओळीपायी तिच्यासोबतच्या इन्सर्टमधल्या (एकदम अनेक ओळी भरायच्या आज्ञेतल्या) सगळ्या ओळी गेल्या असत्या.

शेवटी मालकांनाच बसवलं. पाटलांची उधारी एका खात्यात होती, जमा दुसऱ्यात.