ऑडिओचा टाइमकोड वेगळा दिसतोय म्हणजे फाइल करप्ट? अजिबात नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय आणि नवीन एडिटर मंडळी तो डोळे झाकून पाळतायत. मेसेज असा: टाइमलाइनवर ऑडिओचा टाइमकोड (क्लिपवरचा तास:मिनिट:सेकंद:फ्रेम असा वेळेचा नंबर) विचित्र दिसला किंवा कॅमेऱ्याशी जुळला नाही तर ऑडिओ फाइल करप्ट आहे. कॅशे (सॉफ्टवेअरने साठवलेल्या तात्पुरत्या फाइल) उडवून सॉफ्टवेअर परत टाका, वेव्हची (रेकॉर्डरची मूळ ऑडिओ फाइल) एमपी३ करून घ्या, ड्रॉप फ्रेम (टाइमकोड मोजायची एक पद्धत) बंद करा कारण त्यात फ्रेम गळतात, आणि एकदा का टाइमकोड जुळला की सिंकची, म्हणजे आवाज चित्राशी जुळण्याची, चिंता सोडा. पाच गोष्टी सांगितल्यात आणि पाचही गडबड, त्यातली एक तर चांगली फाइल वाया घालवणारी.

आधी "विचित्र नंबर" घेऊ, कारण ही तक्रार सगळ्यात जास्त येते आणि इलाज पाच सेकंदांचा आहे. प्रीमिअर प्रो या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये अचानक शेवटी पाच आकडी नंबर दिसायला लागतो, समजा ००:००:०५:२४०००. लोक घाबरतात. अहो ते फ्रेम नाहीयेत, सॅम्पल आहेत, म्हणजे आवाजाचे बारीक मोजलेले ठिपके! ४८ किलोहर्ट्झ ऑडिओत सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे २४००० हे बरोबर अर्धा सेकंद, तुम्ही साडेपाच सेकंदांवर उभे आहात, बास. टाइमलाइन पॅनलच्या नावाशेजारच्या मेनूत 'शो ऑडिओ टाइम युनिट्स' वर चुकून टिक पडलेली असते, ती काढा की फ्रेम परत. हे युनिट सॅम्पलमध्ये हवं की मिलिसेकंदात ते प्रोजेक्ट सेटिंग्जच्या जनरलमध्ये ठरतं. आणि टाइमकोडच्या आकड्यांवर कंट्रोल दाबून क्लिक केलं (मॅकवर कमांड) तरी फॉरमॅट बदलत जातो, बऱ्याच वेळा हे नकळतच झालेलं असतं. मी स्वतः एकदा यापायी अख्खी दुपार घालवली, सॉफ्टवेअर काढून परत टाकलं, नंबर तसेच्या तसे, कारण ती सेटिंग प्रोजेक्टबरोबर परत आली होती. पुढे एक शब्द कापायला सॅम्पलमध्ये जायची वेळ आली तेव्हा कळलं की ही टिक शिक्षा नाही, सोय आहे, सेकंदाला २५ फ्रेमच्या व्हिडिओत एका फ्रेममध्ये १,९२० सॅम्पल असतात आणि एखादा "टक" आवाज त्यातल्या शंभरात बसतो.

आता खरा गुंता, कॅमेऱ्याशी न जुळणारा टाइमकोड. इथे जरा थांबून समजून घ्या कारण मेसेज लिहिणाऱ्याला हेच माहीत नाहीये. ऑडिओ फाइलमध्ये फ्रेम नावाची गोष्टच नसते. आवाज वेगळा घेणारा रेकॉर्डर जी ब्रॉडकास्ट वेव्ह बनवतो (युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनने १९९७ मध्ये आणलेला फॉरमॅट) तिच्यात फक्त एक आकडा असतो, मध्यरात्रीपासून किती सॅम्पल झाले तो. सॉफ्टवेअर त्याला सॅम्पल रेटने (सेकंदाला किती सॅम्पल) भागतं, फ्रेमरेटने (सेकंदाला किती फ्रेम) गुणतं आणि जे येईल ते टाइमकोड म्हणून दाखवतं. कोणत्या फ्रेमरेटने गुणायचं ते त्या आकड्यात लिहिलेलंच नसतं, चांगले रेकॉर्डर ते आयएक्सएमएल नावाच्या वेगळ्या भागात लिहितात, पण सगळी सॉफ्टवेअर तो भाग वाचतातच असं नाही.

आता गणित बघा. कॅमेरा आणि रेकॉर्डर दोन्ही २३.९७६ फ्रेमरेटवर, दोन्हीवर टाइमकोड १०:००:००:००. पण २३.९७६ म्हणजे २४,००० भागिले १,००१, त्यामुळे हा टाइमकोड "दहा तास" दाखवेपर्यंत घड्याळाचे ३६,००० नाही तर ३६,०३६ सेकंद झालेले असतात, आणि रेकॉर्डर त्या ३६,०३६ सेकंदांचे सॅम्पल लिहितो. तुमचा प्रोजेक्ट २५ चा असेल तर सॉफ्टवेअर सरळ ३६,०३६ सेकंद धरतं आणि दाखवतं १०:००:३६:००. छत्तीस सेकंदांचा फरक! फाइल ठणठणीत, आवाज ठणठणीत, फक्त गुणाकार चुकलाय. ओळखायची खूण पण सोपी आहे, फरक टाइमकोडच्या तासाप्रमाणे वाढतो, टाइमकोड ०१ तासाच्या क्लिपला ३.६ सेकंद, १० तासाच्या क्लिपला ३६. असा फरक दिसला की फाइलला हात लावू नका, फ्रेमरेट तपासा. प्रोजेक्टचा फ्रेमरेट आधी ठरवा, मग ऑडिओ आत आणा, कारण बऱ्याच ठिकाणी ऑडिओला प्रोजेक्टचाच रेट चिकटतो, आणि डाविंची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर क्लिप पडल्या की तिचा रेट बदलायला मागत नाही.

फरक सगळ्या क्लिपना सारखाच असेल, म्हणजे सकाळी बरोबर एक तास आणि संध्याकाळीही बरोबर एक तास, तर ती वेगळी भानगड आहे, कोणाचं तरी घड्याळ चुकीचं लावलं होतं. तो एक ऑफसेट (तेवढ्याच फरकाची दुरुस्ती) सगळ्यांना द्या आणि पुढे चला.

एमपी३ करायचा सल्ला वाचून मात्र मला खरंच राग आला. जो आकडा वाचून सिंक होतो तो आकडा ठेवायला एमपी३ मध्ये ठरलेली जागाच नाहीये, कन्व्हर्ट केलं की टाइमकोड ००:००:००:०० झाला म्हणून समजा. मेसेजवाल्याला वाटलं "बघा, विचित्र नंबर गेला", गेलाच ना, पुसूनच टाकला! वरून एमपी३ चे एन्कोडर फाइलच्या सुरुवातीला शांततेचे साधारण हजारभर सॅम्पल घालतात, म्हणजे २५ वर अर्ध्या फ्रेमच्या आसपास आवाज उशिरा येतो. नॉइज काढायच्या काही टूल्समधून वेव्हच बाहेर काढली तरी हा आकडा गळू शकतो, म्हणून सिंक आधी, साफसफाई नंतर, आणि कार्डवरची मूळ वेव्ह तशीच ठेवायची.

कॅशेबद्दल फार लिहीत नाही. वेव्हफॉर्म (आवाजाची आकृती) दिसत नसेल किंवा अर्धवट दिसत असेल तर कॅशे उडवून फायदा होतो, तेवढं मान्य. टाइमकोडचा हिशोब चुकतोय त्याला कॅशे काय करणार.

ड्रॉप फ्रेममध्ये फ्रेम गळतात हा समज इतका जुना आहे की आता त्यावर चिडायचं पण सोडलंय. गळतात ते नंबर, चित्राची एकही फ्रेम जात नाही. २९.९७ ला सेकंदाला ३० मोजत गेलं तर तासाला १०८ नंबर जास्त होतात, म्हणून दर मिनिटाला ०० आणि ०१ हे दोन नंबर वगळायचे आणि दर दहाव्या मिनिटाला वगळायचे नाहीत, म्हणजे ५९;२९ नंतर थेट ०१:००;०२. बघायचं ते त्या अर्धविरामाकडे, एका क्लिपवर ; आणि दुसऱ्यावर : असेल तर आकडे जुळणारच नाहीत, तासाला ३.६ सेकंदांनी लांब जातील. नुसतं बंद करून काय होतं, तर डिलिव्हरीला ठरलेली लांबी घड्याळाशी जुळत नाही आणि तेव्हा परत डोक्याला हात.

राहिलं "टाइमकोड जुळला की सिंक पक्का". टाइमकोड फक्त क्लिप कुठे सुरू करायची ते सांगतो. त्यानंतर कॅमेरा आपल्या क्रिस्टलवर (आतल्या घड्याळावर) चालतो आणि रेकॉर्डर आपल्या, दोघांत दहा लाखात वीस एवढा फरक असला तरी तासाभराच्या टेकमध्ये (सलग रेकॉर्डिंगमध्ये) ७२ मिलिसेकंद सरकतात, २५ वर जवळजवळ दोन फ्रेम, ओठ आणि आवाज वेगळे वाटायला तेवढं पुरतं. त्यामुळे लांब टेकला सुरुवातीला टाळी वाजवता तशी शेवटीही वाजवा, दोन्हीकडे जुळतेय का बघा. सुरुवात बरोबर आणि शेवट सरकलेला असेल तर स्पीड बदलायच्या नादी लागू नका, स्पीडच्या खान्यात दोनच दशांश चालत असतील तर सगळ्यात बारीक बदल ०.०१ टक्के, म्हणजे तासाला ३६० मिलिसेकंद, ७२ दुरुस्त करायला गेलात तर उलट २८८ ने बिघडेल. बोलणारा श्वास घ्यायला थांबतो तिथे ऑडिओ कापायचा आणि पुढचा तुकडा एक फ्रेम सरकवायचा, तासाभरात असे दोन कट पुरतात.