रात्री आठनंतर आईबापांनी बसायचं कुठे?

क्रूझच्या माहितीपत्रकातल्या केबिनमध्ये पोर कधीच नसतं. कडक इस्त्रीची चादर, तिच्यावर टॉवेलचा हंस, काचेपलीकडे निळाशार समुद्र आणि हातात ग्लास घेऊन क्षितिजाकडे बघणारं जोडपं. या फोटोत दीड-दोन वर्षांचं एक पोर सोडा. पहिल्या मिनिटाला हंसाची मान जाते, दुसऱ्या मिनिटाला ग्लास जातो आणि तिसऱ्या मिनिटाला ते जोडपं ओणवं होऊन पलंगाखाली गेलेला बूट शोधत असतं. केबिन निवडायला बसताना हा दुसरा फोटो डोळ्यांसमोर ठेवावा.

"केबिन काय, झोपायलाच तर लागते! सगळ्यात स्वस्त घ्या आणि दिवसभर डेकवर हिंडा," हा सल्ला हमखास मिळतो. देणाऱ्याची मुलं एक तर कॉलेजात असतात, नाही तर अजून जन्मायची असतात. कारण मुलांचे क्लब बहुतेक जहाजांवर दोन अटींवर उघडतात: वय तीन पूर्ण आणि डायपर सुटलेला. त्याहून लहानांसाठी काही जहाजांवर पाळणाघर असतं, पण ते सहसा तासावर पैसे घेतं आणि जागा मोजक्या. पोहण्याच्या तलावात डायपरवाल्यांना बहुतेक ठिकाणी बंदी, पोहायचे खास डायपर घातले तरी बंदीच. जेवणाचं म्हणाल, तर ते वीस मिनिटांत आटोपतं, त्यातली पंधरा मिनिटं खाली पडलेला चमचा उचलण्यात जातात. मग दुपारची झोप, रात्रीची झोप, आणि दोन्हींच्या मधे कपडे बदलणं आणि रुसवे काढणं. चोवीसातले चौदा तास केबिनमध्येच जायचे. ज्यांना ती 'फक्त झोपायला' हवी, त्यांनी निदान कोण किती वाजता झोपणार, हे तरी विचारावं.

आणि सगळी मेख तिथेच आहे. पोर झोपतं आठला, आपण अकराला. मधले तीन तास दोन मोठ्या माणसांनी नक्की कुठे बसायचं? पैशांचा हिशेब मी या प्रश्नापासून सुरू करते. खिडकी हवी की नको, ही पुढची गोष्ट.

सगळ्यात स्वस्त ती आतली केबिन, म्हणजे इनसाइड. साधारण १४० ते १८० चौरस फूट, आणि त्यातच पलंग, कपाट, टेबल, बाथरूम सगळं. खिडकी नाही. दिवा मालवला की दुपारचे दोन आणि रात्रीचे दोन यांत फरक उरत नाही. पोराला अशी झोप घरीही लागत नसेल. आईबाप मात्र आठ वाजून पाच मिनिटांनी मोबाइलचा उजेड पांघरुणात लपवून, बिस्किटाचा पुडा न वाजवता उघडायचा प्रयत्न करत असतात. दुसरा पर्याय बाथरूमचा: एकाने कमोडच्या झाकणावर बसायचं, दुसऱ्याने उंबऱ्यावर, आणि कुजबुजत उद्याचा बेत ठरवायचा. तिसरा पर्याय म्हणजे बाहेरच्या कॉरिडॉरमध्ये दाराला पाठ टेकून बसणं. येणारे-जाणारे किल्ली हरवली का विचारतात. तीन-चार रात्रींची सफर असेल तर हे हसून निभावता येतं. सात रात्री असतील तर चौथ्या रात्री कोणी हसत नाही.

काही जहाजांनी आतल्या केबिनींवर उतारा काढलाय. २०११ साली आलेल्या 'डिस्ने ड्रीम'वर आतल्या केबिनींच्या भिंतीवर गोल पडदा आहे. त्यात बाहेरच्या कॅमेऱ्यातलं थेट दृश्य दिसतं आणि मधूनच कार्टूनची पात्रं डोकावतात. पोर खूश. झोपायच्या वेळी तो बंद करता येतो, पण तो बंद करताना होणाऱ्या आकांताची तजवीज आपली आपण करायची.

खिडकीची केबिन, म्हणजे ओशनव्ह्यू. खिडकी उघडत नाही. आठनंतरचा प्रश्न तिने सुटत नाही, पण दिवस जरा बरा जातो. खालच्या डेकवर, म्हणजे मजल्यावर, गोल खिडक्या असतात आणि समुद्र फार खवळला तर त्यांवर आतून लोखंडी झाकणं बसवतात, तेव्हा 'व्ह्यू' गेला असं समजावं. मात्र यातला एक प्रकार मला मनापासून आवडतो: दृश्य अडलेली केबिन. समोर लाइफबोट टांगलेली असते म्हणून ती स्वस्त असते. मोठ्यांना वाटतं, फसवलं. पण उजेड येतो, आणि त्या वयाच्या पोराला समुद्रात काय दिसतं? पाणी. कालही पाणी, आजही पाणी. त्याच्यापुढे नाकासमोर टांगलेली भलीमोठी नारिंगी होडी ठेवली तर ते कोणाकडे बघेल? आपल्याला सवलत, त्याला होडी.

बाल्कनी हे आठनंतरच्या प्रश्नाचं खरं उत्तर. पस्तीस ते पन्नास चौरस फुटांच्या त्या जागेत दोन खुर्च्या मावतात, पोर आत झोपतं, आपण बाहेर माणसासारखं बोलतो. जादा पैसे मोजायचे ते या तीन तासांचे. समुद्र वरकड. पण तिच्या अटीही माहीत हव्यात. कठडा साधारण छातीपर्यंत असतो, आणि खुर्ची ढकलत नेऊन त्यावर चढण्याची कला याच वयात अवगत होते. खुर्च्या-टेबल दिवसा आत घ्यावं, नाही तर स्टुअर्डला, म्हणजे केबिनची देखभाल करणाऱ्या कर्मचाऱ्याला, ते काढून न्यायला सांगावं. पोराला बाल्कनीत क्षणभरही एकटं सोडायचं नाही. दार जड असतं, वाऱ्याने धाडकन आपटतं, बोटं सांभाळावी. काही जहाजांवर दार उघडं राहिलं की केबिनचा एसी बंद पडतो, म्हणून ते लावून घ्यावं लागतं. अशा वेळी फोन बाहेर जवळ असू द्यावा, कारण आत जागं झालेलं पोर दाराच्या मुठीशी काय करेल याचा नेम नाही.

बाल्कनी हवी पण समुद्राचा भाव परवडत नाही, त्यांच्यासाठी मोठ्या जहाजांवर आतल्या अंगाला उघडणाऱ्या बाल्कन्या असतात. २००९ च्या 'ओएसिस ऑफ द सीज' या जहाजापासून हा प्रकार आला. तिथे 'सेंट्रल पार्क' या जहाजावरच्याच बागेच्या बाजूला खरी झाडं आहेत आणि तुलनेने शांतता असते. 'बोर्डवॉक' या जत्रेसारख्या भागाच्या बाजूला गोल फिरणारे लाकडी घोडे आहेत. घोडे दिसत असताना पोर झोपेल अशी ज्यांची श्रद्धा असेल, त्यांनी ती बाजू घ्यावी.

बरोबर आजी-आजोबा असतील तर आणखी एक हिशेब जरूर करून बघावा: आतल्या दोन केबिनी, मधे दार असलेल्या. पुष्कळदा या दोन मिळून एका मोठ्या कुटुंब-केबिनपेक्षा स्वस्त पडतात. एका खोलीत अंधार आणि पोर, दुसरीत उजेड आणि चहा. शिवाय बाथरूम दोन. पण मधलं दार असलेल्या त्याच दोन केबिनींचे नंबर बुकिंगच्या वेळी हातात पडले पाहिजेत. 'शेजारशेजारच्या' आणि 'मधे दार असलेल्या' या दोन निराळ्या गोष्टी आहेत. आणि अनोळखी शेजाऱ्यांच्या बाजूला असं दार आलं तर त्याच्या फटीतून त्यांचा टीव्ही आपल्याकडे आणि आपलं भोकाड त्यांच्याकडे जातं. तेव्हा गरज नसेल तर दाराची केबिन टाळावी.

आता भाडं. जाहिरातीत दिसतो तो आकडा 'माणशी, दोघांच्या केबिनमध्ये' असा असतो. केबिनमधल्या पहिल्या दोघांना पूर्ण भाडं, मग त्यातला एक जण दोन फूट उंच का असेना. एकट्या आईने किंवा बाबाने पोराला घेऊन जायचं म्हटलं, तर ते पोर भाड्यापुरतं सज्ञान. तिसऱ्या-चौथ्याला भाडं सहसा कमी असतं, पण कर आणि बंदराचं शुल्क डोक्यावर लागतं आणि टिपही माणशी, दिवसाला. अगदी लहानांना काही कंपन्या टिपेतून सूट देतात, ते विचारून घ्यावं. आणि "ते आमच्या मधेच झोपतं" हा युक्तिवाद चालत नाही. लाइफबोटीत त्याचीही जागा मोजलेली असते, म्हणून दोघांच्या केबिनमध्ये तिसरा जीव घेत नाहीत. तिघांच्या स्वस्त केबिनी थोड्या असतात आणि लवकर संपतात. शोधायला सुरुवात करतानाच सगळ्यांची वयं भरावी. आधी दोघांचा भाव बघून हरखायचं आणि मग तिसरं नाव घातल्यावर हळहळायचं, ही करमणूक टाळता येते.

तिसरी जागा म्हणजे काय, तेही बघावं. ती सोफा-बेड असेल किंवा छतातून, भिंतीतून खाली येणारा पुलमन बेड. त्याला शिडी असते. पोराला त्या शिडीचा मोह आवरत नाही, आणि तिथे झोपायचं त्याचं वय अजून बरंच लांब आहे. म्हणजे मागवायचा पाळणा. बहुतेक जहाजांवर घडीचा पाळणा फुकट मिळतो, पण जहाजावर ते मोजके असतात. बुकिंगच्या वेळीच सांगायचं आणि नोंद झाल्याचं लेखी घ्यायचं.

असा पाळणा अंदाजे २८ बाय ४० इंच जागा खातो. आकडा किरकोळ वाटतो. खडूने जमिनीवर तेवढा चौकोन आखून बघा आणि त्याच्या बाजूला पलंग आहे असं धरा. १४० चौरस फुटांत तो मांडला की कपाट उघडत नाही किंवा सोफा उलगडत नाही, आणि रात्री बाथरूमला जायचं तर पलंगावरून रांगत जावं लागतं. यावर इलाज आहे: जोडलेले दोन पलंग स्टुअर्डला सांगून वेगळे करून घ्यायचे आणि भिंतींना लावायचे. मधे जमीन मोकळी होते. पलंग जोडलेलेच ठेवून पोराला मधे झोपवलं, तर दोन गाद्यांमधली फट ते झोपेतसुद्धा शोधून काढतं.

जागा कुठली घ्यावी, यावर मी कितीही वेळ बोलू शकते. बोट लागण्याची भीती असेल तर खालचा डेक आणि जहाजाचा मध्य. पुढचं टोक वरखाली होतं, आणि जितकं वर जावं तितकं डोलणं जास्त. पण फार खाली आणि पुढे गेलं की पहाटे बंदरात शिरताना थ्रस्टर, म्हणजे जहाज बाजूला सरकवणारे पंखे, घरघरतात, नांगराची साखळी खडखडते. मागच्या टोकाला यंत्रांची थरथर. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालची केबिन म्हणजे भल्या पहाटे डोक्यावर खुर्च्या ओढण्याचा कार्यक्रम. कर्मचारी तेव्हाच त्या मांडायला लागतात. नाट्यगृहाच्या किंवा नाचाच्या जागेच्या वर-खाली आलो तर मध्यरात्रीपर्यंत ढोल. म्हणून डेक प्लॅन एकावर एक ठेवून बघावा आणि जिच्या वरही केबिनी, खालीही केबिनी, अशी शोधावी. नकाशात शेजारी पांढरी कोरी जागा दिसली तर तिथे बहुधा कर्मचाऱ्यांची ये-जा किंवा ट्रॉल्यांची खोली असते. लिफ्टपासून पाच-सहा दारं लांब बरं: बाबागाडीला सोयीचं, 'टिंग' मात्र ऐकू येत नाही.

हे सगळं मांडून झाल्यावर कंपनी हळूच 'गॅरंटी केबिन' पुढे करते. गॅरंटी प्रकाराची, जागेची नाही. नंबर ते मागाहून देणार. दोघांनीच जायचं असेल तर जरूर घ्यावी, पैसे वाचतात. पोर बरोबर असेल तर वर वर्णिलेल्या खुर्च्या, ढोल आणि नांगर यांपैकी काहीतरी पदरात पडण्याची ती सोय आहे.

बाबागाडी म्हणाल तर केबिनचं दार बऱ्याच जहाजांवर २२ ते २४ इंचच रुंद असतं. छत्रीसारखी मिटणारी अरुंद गाडी जाते, जुळ्यांची रुंद गाडी अडकते, आणि कॉरिडॉरमध्ये ठेवू देत नाहीत. आग लागली तर तीच वाट सुटकेची. रुंद दाराच्या केबिनी व्हीलचेअरवाल्यांसाठी राखलेल्या असतात, तिकडे डोळा ठेवू नये.

बाथरूममध्ये टब क्वचित, शॉवरच. पडदा अंगाला चिकटतो, उंबरा उंच, त्यात पोर साबणाचं. घडीचा छोटा टब न्यावा. कमोड हवेच्या दाबाने ओढणारा असतो आणि त्याचा आवाज ऐकून कित्येक पोरं त्या दिशेला फिरकत नाहीत. आधी झाकण, मग बटण. ओले वाइप्स त्यात टाकले तर आपलाच नाही, आजूबाजूच्या केबिनींचाही निचरा तुंबतो आणि मग सगळा कॉरिडॉर आपल्याला ओळखू लागतो.

प्लग एक-दोनच असतात. सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेचा दाब अचानक वाढला तर उपकरणं वाचवणारी सोय, असलेली प्लगची पट्टी जहाजावर चालत नाही. तिथल्या वीजरचनेत तिने आग लागू शकते, म्हणून तपासणीत काढून घेतात. यूएसबीचा चार्जर न्यावा. किटलीला बंदी, बाटली गरम करायच्या यंत्रालाही बहुधा. गरम पाणी स्टुअर्डकडे मागावं. केबिनमधला फ्रिज गार करतो म्हणण्यापेक्षा गरम होऊ देत नाही, एवढंच. भिंती बहुधा लोखंडी असतात, लोहचुंबकाचे चार-सहा हुक नेले की ओले कपडे, टोप्या, पिशव्या सगळं वर जातं. वर म्हणजे पोराच्या हाताच्या वर. रिकाम्या बॅगा पलंगाखाली.

चढायच्या दिवशी केबिन सहसा दुपारी एक-दीडला मिळते, म्हणजे ऐन झोपेच्या वेळी, आणि मोठ्या बॅगा दाराशी यायला संध्याकाळ होते. डायपर, वाइप्स, कपड्यांचे दोन जोड, औषधं आणि ती विशिष्ट चिंधी, जिच्याशिवाय झोप येत नाही, हे हातातल्या पिशवीत ठेवावं. केबिनमध्ये शिरल्याबरोबर पाळणा आलाय का आणि पोराच्या मापाचं लाइफ जॅकेट कुठे मिळेल, हे स्टुअर्डला विचारावं. काही जहाजांवर मोठ्यांची जॅकेटं कपाटात दिसतात, छोटं मागावं लागतं.