सॅकला कुलूप लावलंत, पण सॅक बांधलीत कशाशी?

रात्रीच्या गाडीने निघालेल्या माणसाला घरून हमखास फोन येतो, "बॅगेला कुलूप लावलंस ना?" प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच. पाठीवरची सॅक ही अख्खी उचलून चालू पडायची वस्तू आहे. चोराला आत हात घालायची गरजच नाही. सॅक खांद्याला अडकवली की तोही प्रवासीच दिसतो, आणि बंद कुलूप तो घरी जाऊन सावकाश तोडतो. म्हणून माझं मत सरळ आहे: दोन-तीन हजारांची 'अँटी-थेफ्ट' बॅग घेण्याआधी शे-दीडशेची साखळी घ्या. (आपल्याकडे झिपलाही चेनच म्हणतात, त्यामुळे खाली चेन म्हणजे झिप आणि साखळी म्हणजे लोखंडाची.)

आधी चेनचं बघू, कारण तिथेच मोठा गैरसमज आहे. बहुतेक सॅकना नायलॉनच्या वेटोळ्याची चेन असते. बॉलपेनचं टोक तिच्यात दाबून खुपसलं की दोन्ही बाजू फाकतात, कुलपाला हातही लावावा लागत नाही. माल काढून झाला की दोन्ही रनर कुलपासकट त्या फटीवरून एकदा पुढे-मागे फिरवायचे, चेन पुन्हा जशीच्या तशी. मालकाला घरी जाऊन सॅक उघडेपर्यंत पत्ता लागत नाही. मोठं कुलूप घेऊन यात काही फरक पडत नाही, रनर जागचा हलता कामा नये. दोन रनर नुसते एकमेकांना अडकवू नका. ते एका बाजूला खाली, पाठीच्या अंगाला ओढा आणि कुलपात दोन्ही रनरबरोबर साखळीची एक कडीही घ्या. मग चेन फाकवली तरी रनर सरकत नाही, फट उघडीच राहते आणि चोरी तिथल्या तिथे दिसते. जाड प्लास्टिकच्या दातांची चेन इतक्या सहज फाकत नाही. पुढची सॅक घेताना दुकानात रंगाआधी चेन बघा.

आता बांधणं. रेल्वेच्या लोअर बर्थखाली बहुतेक डब्यांत लोखंडी कडी किंवा तारेचा फास असतो. वाकून मोबाइलचा टॉर्च मारल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून निम्म्या लोकांना तो असतो हेच माहीत नसतं. तीन-चार फुटांची साखळी पुरते. ती नुसत्या वरच्या हँडलमधून घेऊ नका. हँडल आणि खांद्याचा एक पट्टा अशा दोन्हींतून घ्या. साखळीला झोल ठेवू नका. झोल असला की सॅक मधल्या वाटेपर्यंत ओढता येते, आणि तिथे ओढलेल्या सॅकवर अंधारात निवांत काम होतं. उरलेली साखळी सॅकलाच गुंडाळा, सॅक आत सरकवा, पट्टे भिंतीकडे करा. बाहेर लोंबणारा पट्टा म्हणजे चोराच्या हातात आयतं दिलेलं हँडल.

पट्टा ब्लेडने कापता येतो, हे मान्य. पण साखळी काही तिजोरी नव्हे. ती चोराचा वेळ खाते आणि आवाज करते, आणि शेजारी न बांधलेल्या तीन बॅगा असताना तो तुमच्यापाशी कशाला बसेल? शेजाऱ्यालाही कडी दाखवा म्हणजे झालं.

कुलूप किल्लीचं की नंबरचं? तीन आकड्यांच्या कुलपाला एकूण हजारच जोड्या, आणि पहाटे साडेतीनला बंद दिव्यात ते आकडे तुम्हालाच दिसत नाहीत. मी किल्लीच्या बाजूने. एक किल्ली गळ्यात, दुसरी पाकिटात, सॅकमध्ये कधीच नाही. स्टेशन यायच्या अर्धा तास आधीचा गजर लावा. गडबडीत सोडलेली आणि दाराशी नेऊन ठेवलेली सॅक हीच सगळ्यांत सोपी शिकार असते.

अप्पर बर्थ असेल तर लॅपटॉपची सॅक खाली ठेवूच नका. भिंतीकडे उशाला घ्या, एक पट्टा दंडात अडकवा. साईड लोअर सगळ्यांत वाईट. एका अंगाला खिडकी, दुसऱ्या अंगाला वाट, आणि स्लीपरमध्ये उघड्या खिडकीतून प्लॅटफॉर्मवरचा हात सहज आत येतो. तिथे सॅक पायाशी किंवा खिडकीला टेकून नको.

चोर घड्याळ बघतो तसं गाडीचं वेळापत्रकही बघतो. त्याला हवी असते गाडी सुटतानाची वेळ: तो उडी मारून उतरतो, तुम्ही वेगातल्या गाडीतून उतरू शकत नाही. म्हणून गाडी थांबली की नव्हे, सुटू लागली की सॅककडे एकदा बघायचं. पुण्याकडे जाताना कर्जतला घाटासाठी मागे बँकर इंजिन लागतं, तेवढ्यात अर्धा डबा वडापावसाठी खाली. दोघं असाल तर एकाने वर थांबा. एकटे असाल तर वडापाव खिडकीतून घ्या.

लोकलचा मामला वेगळा. गर्दीत सॅक पोटाशी घ्यायची हे मुंबईत शिकवावं लागत नाही. पण रॅकवर ठेवताना लोक ती आपल्या डोक्यावर ठेवतात, जी जागा बसल्यावर त्यांना दिसतच नाही. समोरच्या रॅकवर, नजरेच्या तिरक्या रेषेत ठेवा. आणि मुंबईत काळी सॅक नाही असा माणूस विरळा, तेव्हा हँडलला लाल-पिवळी चिंधी बांधा. चुकून उचलली गेलेली बॅगही परत मिळेपर्यंत चोरीइतकीच छळते. बाहेरच्या खिशाच्या दोन रनरमध्ये एक की-रिंग घातली तर एका हाताने तो खिसा उघडत नाही. रेनकव्हर पावसाळ्यापुरतं नसतं, ते चढवलं की बाजूचे खिसे झाकले जातात.

एसटीत किंवा ट्रॅव्हल्समध्ये सॅक डिकीत टाकावी लागली तर डिकी ज्या बाजूला उघडते तिकडची खिडकी धरा. ढाब्यावर बस थांबली की आधी डिकीकडे, मग चहाकडे. क्लोक रूमला कुलूप नसलेलं सामान घेत नाहीत, त्यामुळे दिवसभर फिरायचं असेल तर कुलूप तसंही लागतंच.

कार्ड आणि रोख दोन जागी विभागा. ओळखपत्र म्हणून रेल्वेत डिजिलॉकरमधलं आधार चालतं, तेव्हा मूळ कागद सोबत नाचवू नका. निघण्याआधी भरलेल्या सॅकचा, लॅपटॉपच्या सीरियल नंबरचा आणि *#०६# दाबून दिसणाऱ्या आयएमईआयचा (फोनच्या ओळख क्रमांकाचा) फोटो काढून तो घरच्यांना पाठवा. स्वतःच्या फोनमध्ये ठेवलात तर तो फोनबरोबरच जातो.

आणि तरीही गेली तर? नुकसानभरपाईची आशा धरू नका. रेल्वे कायदा १९८९, कलम १०० प्रमाणे सोबत नेलेल्या सामानाला रेल्वे जबाबदार नाही, रेल्वेचा किंवा तिच्या कर्मचाऱ्याचा निष्काळजीपणा वा गैरवर्तन सिद्ध झालं तरच ती जबाबदार. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही प्रवाशाजवळच्या पैशांची चोरी ही रेल्वेच्या सेवेतली त्रुटी मानायला नकार दिला. पण तक्रार कराच. १३९ वर फोन करा. तक्रारीचा फॉर्म टीसी, गार्ड किंवा गाडीतल्या पोलिसांकडे मिळतो, त्यासाठी प्रवास मोडून उतरावं लागत नाही. लोहमार्ग पोलिसांच्या कुठल्याही ठाण्यात शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो, 'आमच्या हद्दीत घडलं नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. फोन गेला असेल तर आधी बँकेला कळवून यूपीआय बंद, मग त्याच नंबरचं डुप्लिकेट सिम, मग सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आयएमईआय ब्लॉक. क्रम हाच ठेवा, कारण ब्लॉक करताना ओटीपी त्या नव्या सिमवरच येतो. आणि सही करण्याआधी कागदावर 'चोरी' लिहिलंय की 'गहाळ' ते वाचा. विमा घेतला असेल तर 'गहाळ'च्या दाखल्यावर दावा अडकतो.